परवडणारी गाडी

मराठी माणसाच्या घरात देवाच्या खालोखाल ज्याचा जप चालतो ते क्रियापद म्हणजे 'परवडणं'. फ्लॅट परवडतो का, हापूस परवडतो का, थोरलीच्या लग्नाला एसी हॉल परवडतो का, इतकंच काय, आत्ता या महिन्यात आजारी पडणं परवडतं का, याचा खल आमच्याकडे अंगात ताप असतानाच चालतो. बरं, 'आपल्याला नाही बुवा परवडत' हे आपण काही मान खाली घालून म्हणत नाही. त्यात एक बारीकसा रुबाब असतो, आणि ज्याला परवडतं त्याच्या पैशाच्या उगमाबद्दल एक शंकाही त्यात दडलेली असते.

या शब्दाच्या अर्थाबद्दल वाद असेल असं कुणाला वाटत नाही. दुकानदाराचा आकडा आणि आपल्या खिशातला आकडा यांची पत्रिका जुळली की परवडलं. नाही जुळली की भाव विचारल्याचं समाधान घेऊन घरी. पण हाच शब्द मोटारींच्या शर्यतीत नेऊन सोडा, तो उलट्या दिशेनं धावायला लागतो.

शर्यत म्हणजे टीव्हीवरची नव्हे. तिथं कुणाला काय परवडतं हा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी म्हणतोय ती क्लबातली, हौशी लोकांची शर्यत. इंग्लंडात हे वेड फार. सोमवार ते शुक्रवार दात उपटणारा डेंटिस्ट, शाळामास्तर, प्लंबर, विमा कचेरीतला कारकून, असे लोक शनिवारी पहाटे आपली गाडी ट्रेलरवर चढवून मैदानावर जातात, हेल्मेट घालतात, वीसेक मिनिटं गोल गोल फिरतात आणि संध्याकाळी निघाले होते तिथंच परत येतात. पैसे मिळत नाहीत. उलट प्रवेशफी आपणच भरायची. जिंकलाच तर एक चषक मिळतो, तो चहा प्यायच्याही कामाचा नसतो. आपल्याकडे निघालं तिथंच परत येण्याला प्रदक्षिणा म्हणतात आणि तिचं पुण्य लागतं, त्यामुळे या प्रकाराला हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

ही मैदानंही मजेची आहेत. त्यातली पुष्कळशी दुसऱ्या महायुद्धातली विमानतळं. सिल्व्हरस्टोन तसंच, नॉर्फोकमधलं स्नेटर्टन तसंच. लढाई संपली, बाँबफेकी विमानं गेली, डांबर तेवढं उरलं. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला हेच झालं. युद्धकाळातल्या धावपट्टीवर पुढे कित्येक वर्षं हेरल्ड आणि फियाट पळाल्या. माणूस नावाचा प्राणी मोकळं डांबर बघून गप्प बसू शकत नाही, एवढं यावरून सिद्ध होतं.

तर माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मिल्टन कीन्सला असतो. मी उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा एके रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, मला रेससाठी गाडी घ्यायचीय. परवडणारी. तू मदत कर."

"अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत, पण परवडण्यातलं कळतं ना!"

बहिणीनं मुलाला माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय याचा अंदाज आला. पण एवढ्या विश्वासानं कुणी सल्ला मागितला की मामा या संस्थेला मागे हटता येत नाही.

त्याच्याकडे एक गाडी होतीच. माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, लाल. १९८९ साली ही गाडी बाजारात आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, आणि पुढचे दिवे लावले की बेडकानं डोळे वर काढावेत तसे वर येणारे. वजनाला हलकी, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, आणि फक्त याच गाड्यांची वेगळी शर्यत तिथं वर्षानुवर्षं चालते. सुटे भाग कुठंही मिळतात. थोडक्यात, पोरगी घरातलीच होती, शिकलेली होती, पत्रिकाही जुळत होती.

"मग घोडं अडलं कुठं?" मी विचारलं.

भाचा गप्प. भाचेसून हसून म्हणाली, "मामा, त्यांच्या पहिल्या पगारावर कर्ज काढून घेतलेली गाडी आहे ती. पाऊस आला तर छत्री माझ्या आधी तिच्यावर जाते."

आणि मग मला तो नियम कळला. तिथल्या जुन्या खोडांनी तो घालून दिलेला आहे. जी गाडी चुरा होऊन कठड्याला टेकलेली असताना तिच्याकडे पाठ फिरवून घरी जाता येईल, तीच शर्यतीत उतरवावी. रस्त्यावरच्या गाडीचा जो नेहमीचा विमा असतो त्यातून शर्यत साफ वगळलेली असते. ठोकली की तुमची तुम्ही. चूक कुणाची का असेना, दुसऱ्याकडे भरपाई मागायची पद्धत नाही. हस्तांदोलन करून आपापला पत्रा गोळा करायचा.

म्हणजे बघा हं. आपण आयुष्यभर विचारतो, 'घेणं परवडतं का?' हे लोक विचारतात, 'गमावणं परवडतं का?' आपण जो प्रश्न दुकानात शिरताना विचारतो तो हे स्मशानातून परतल्यावर विचारतात. पाच लाखांची गाडी एखाद्याला परवडते आणि पन्नास हजारांची परवडत नाही, कारण पन्नास हजारांच्या गाडीत त्याच्या वडिलांचा चष्मा ठेवायचा कप्पा आहे.

यात नीतीचा प्रश्न कुठं आला, असं तुम्ही म्हणाल. मला तर तो त्या रात्री झोपू देईना. जी गेली तरी काही वाटणार नाही अशी वस्तू मुद्दाम निवडायची आणि मग ऐन वळणावर तिनं जिवाला जीव द्यावा अशी अपेक्षा धरायची, हा कुठला न्याय? 'हा सोडून गेला तरी चालेल' असा हिशेब करून माणसं नोकरीला ठेवणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे माणसंही तेवढीच मन लावून काम करतात.

सकाळी भाच्याला हे बोलून दाखवलं, तर तो उसळून म्हणाला, "तेच म्हणतोय मी! आपल्याकडे गाडामालक काय मरतुकडा बैल पळवतो? लाडकाच पळवतो ना?"

बिनतोड होतं. पुण्याकडचा बैलगाडा काय किंवा विदर्भातला शंकरपट काय, तिथं घाटावर उतरतो तो घरातला सर्वांत लाडका जीव. त्याला खुराक घरातल्या पोरांपेक्षा चांगला. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या त्या नेमक्या याच प्रश्नावर, की लाडका आहे म्हणून त्याला पळवायचा अधिकार तुम्हाला मिळतो का? पुढे राज्यानं कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. निकाल लागला, प्रश्न मिटला असं मात्र मला वाटत नाही. बैलाला दुखतं. गाडीला दुखत नाही, मालकाला दुखतं. एवढा एक मोठा फरक धरून चाललं तर प्रश्न गाडीच्या बाजूचा उरतच नाही, तो सगळा मालकाच्या बाजूचा होतो. तिच्यावर जीव आहे म्हणून भाचा ब्रेक दहा हात आधी दाबणार. आणि ब्रेक आधी दाबणाऱ्याच्या मागून येणारा तो उशिरा दाबत असतो. म्हणजे प्रेमापोटी अपघात. संसारात याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

अनासक्तीचा उपदेश आपल्याकडे रथात बसूनच झाला आणि तो करणारा सारथी होता, ही गोष्ट इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच सूचक वाटली.

असो. लाल गाडी बाद झाली. आता गमावण्याजोगी शोधायची.

तिथं स्वस्त शर्यतींचीही एक परंपरा आहे. ७५० मोटर क्लब नावाची संस्था १९३९ साली निघाली ती ऑस्टिन सेव्हन या गाडीच्या प्रेमापोटी. ही गाडी १९२२ सालची, इंजिन साडेसातशे सीसीच्या आतलं, म्हणजे त्यांची त्या काळातली मारुतीच. युद्धानंतर या जुन्या ऑस्टिन भंगाराच्या भावात मिळायला लागल्या आणि हौशी लोकांनी त्यांच्या शर्यती लावल्या. तत्त्व सोपं आणि थोर होतं. सगळ्यांकडे सारखीच भिकार गाडी. आता जिंकेल तो माणूस, पाकीट नव्हे.

पण माणसाला समता फार वेळ सोसत नाही. १९५१ साली कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण इंजिनिअर स्वतः बांधलेली गाडी घेऊन यात उतरला. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण इंधन आत जायला तोंडं दोनच. चाळीतल्यासारखं, चार बिऱ्हाडं आणि दोन नळ. पहिल्याची बादली भरेपर्यंत दुसऱ्यानं ताटकळायचं. चॅपमननं त्या तोंडांच्या आत पडदी घातली आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा नळ दिला. गाडी अशी सुटली की बाकीचे तिची धूळच मोजत राहिले. नियमात 'पडदी घालू नये' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मग क्लबानं नियम बदलला आणि ती युक्ती बंद झाली. चॅपमनच्या लोटस कंपनीनं पुढे फॉर्म्युला वनचं कारखानदारांचं अजिंक्यपद सात वेळा मिळवलं.

ही लबाडी की बुद्धी? भाचा म्हणतो बुद्धी. भाचेसून अकाउंटंट आहे, ती म्हणते, आमच्या धंद्यात याला तिसरंच नाव आहे. मला विचाराल तर ज्या दिवशी ती पडदी पहिल्यांदा धावली तो दिवस चॅपमनचा. त्यानंतरचे सगळे दिवस क्लबाचे. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

अमेरिकन लोकांनी तर समतेला शेवटच्या टोकाला नेलं. २००६ साली तिथं एक शर्यत सुरू झाली. ल मान्सच्या जगप्रसिद्ध चोवीस तासांच्या शर्यतीची चेष्टा म्हणून तिचं नाव 'लेमन्स'. तिकडे रद्दड गाडीला लेमन, म्हणजे लिंबू म्हणतात. अट अशी की गाडीवर पाचशे डॉलरपेक्षा जास्त खर्च झालेला नसावा. पंच गाडीभोवती फिरून हिशेब मागतात. दहा डॉलर जास्त खर्च केल्याचा संशय आला की एक फेरी कापली. सुरुवातीच्या वर्षांत तर इतर स्पर्धकांनी मतदान करून एखादी गाडी तिथल्या तिथं चेचून टाकायचीही सोय होती. गमावण्याची तयारी आहे म्हणता ना? मग दाखवा! पण याच शर्यतीत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. चालकाच्या सुरक्षिततेसाठी जे लागतं ते त्या पाचशेत धरत नाहीत. तिथं हवा तेवढा खर्च करा.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून एका माणसाच्या उघड्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या, 'फॉर्म्युला मारुती' या नावानं. एरवी ज्या इंजिनांनी जन्मभर भाजी आणली असती ती मद्रासच्या मैदानावर पळाली. भारतातून पहिल्यांदा फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्यांत शिकला. १९९५ साली करिवर्धन विमान-अपघातात गेले. कोइमतूरच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे.

भाच्याचं बोट शेवटी थांबलं ते सिट्रोएन सी-१ वर. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, अडुसष्ट अश्वशक्ती. २००५ पासून प्यूजो १०७ आणि टोयोटा आयगो या तिच्या दोन बहिणींबरोबर ती चेकियातल्या कोलीन गावी एकाच कारखान्यात निघत होती. नाक-डोळे निराळे, रक्त एकच. म्हाताऱ्या बायका बाजारहाटाला वापरतात ती ही गाडी. हिच्या शर्यती असतात, अगदी चोवीस तासांच्यासुद्धा, आणि नियम असा की इंजिनाला हात लावायचा नाही. मला ती पाहताक्षणी आवडली, कारण ती पाहून कुणालाच काही वाटत नव्हतं.

अशा गाडीत एक गंमत असते, ती भाच्यानं मला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी फिरवून समजावली. ताकदवान गाडीत वळणावर चूक झाली तर पुढे ॲक्सिलरेटर दाबून ती भरून काढता येते. हिच्यात एकदा वेग गेला की तो परत यायला जन्म जातो. म्हणून गमावायचाच नाही. पुढच्याच्या पाठीला चिकटून त्यानं फोडलेल्या वाऱ्यातून जायचं, शेवटच्या क्षणी बाहेर पडायचं. श्रीमंताला पैशानं झाकता येतं ते गरिबाला नीट वागून सांभाळावं लागतं, एवढाच याचा अर्थ. मला हे मीठदाणीशिवायही कळलं असतं.

इतका वेळ गप्प बसलेली भाचेसून तेव्हा म्हणाली, "मामा, गाडी गमावण्याजोगी शोधताय ते ठीक आहे. आत बसणारा कोणत्या खात्यात धरलाय?"

टेबलावरची मीठदाणी जागच्या जागी थांबली.

तिनं वही काढली. आतापर्यंत भाच्यानं यादी केली होती ती वरून खाली: गाडी, टायर, ट्रेलर, मग बाकीचं. तिनं ती उलटी लिहिली. आधी पिंजरा, म्हणजे गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून. मग खास बैठक, सहा पट्ट्यांचा बेल्ट, आग विझवायचं नळकांडं, न पेटणारा अंगरखा, हेल्मेट. त्या पट्ट्यांवर औषधाच्या बाटलीसारखं मुदतीचं वर्ष असतं. मुदत संपली की एकदाही न वापरलेला पट्टासुद्धा बाद. भाचा म्हणाला, मुदत संपलेले स्वस्तात मिळतात. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा तो विषय संपला. शेवटी खांद्यावर बसणारं आणि हेल्मेटला अडकवायचं ते साधन, धडक बसली की मान पुढे फेकली जाऊ नये म्हणून. ते मी हातात घेऊन पाहिलं. हुबेहूब जू! म्हणजे बैलाचा मुद्दा काढणाऱ्याच्या मानेवर शेवटी जू आलंच.

सगळी बेरीज झाल्यावर गाडीची किंमत यादीच्या तळाशी, पानसुपारीच्या खर्चासारखी दिसत होती. आणि आकडा होता तो परवडणारा नव्हता. कुठल्याच अर्थानं.

यावर तिथल्या अनुभवी लोकांचा तोडगा एकच: स्वतः बांधू नका, दुसऱ्यानं बांधलेली घ्या. पिंजरा, बैठक, सगळं बसवलेली तयार गाडी, घातलेल्या पैशाच्या निम्म्यातसुद्धा मिळते. का मिळते, हे विचारू नये. मी विचारलं.

लेस्टरजवळच्या गावातला तो विक्रेता इलेक्ट्रिशियन होता. जुळी झाली होती. आतून दोन्ही आवाजांत रडणं ऐकू येत होतं, आणि बाहेर गॅरेजात पांढरी सी-१ पुसूनपासून ठेवलेली होती. त्यानं बरोबर चार जास्तीची चाकं, एक जॅक आणि एक वही दिली. वहीत तीन वर्षांतल्या प्रत्येक शर्यतीचा दिवस, हवामान, चारी टायरांतली हवा आणि लागलेला वेळ. अक्षर असं, की आमच्या शाळेत बक्षीस मिळालं असतं.

घासाघीस हे माझं खातं ठरलं होतं. पुण्यात भल्याभल्यांना मी घामाघूम केलेलं आहे. पण ज्याला विकायचं नाहीये आणि विकावंच लागतंय त्याच्याशी भाव करायचा कसा? मी आत जाऊन जुळ्यांना बघून आलो. भाच्यानं मागितले तेवढे पैसे दिले. बाहेर पडताना भाचेसून हळूच म्हणाली, "बरं केलंत." तिच्या तोंडून खर्चाबद्दल हे वाक्य मी त्या मुक्कामात एकदाच ऐकलं.

जाताना मी त्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, की तुमचा तो नियम आहे ना, गमावता येईल अशीच गाडी घ्यावी? तो म्हणाला, "तशीच तर घेतली होती." आणि छपरावर दोनदा थोपटलं. गाडीला त्यानं आपल्या आजीचं नाव दिलेलं होतं. ते मी इथं सांगत नाही. आजीबाई हयात आहेत.

पुढे निशाणांच्या रंगांची लेखी परीक्षा झाली, मैदानावर परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची झाली, परवाना आला, आणि सप्टेंबरात स्नेटर्टनला पहिली शर्यत. बत्तीस गाड्या सुटल्या. माझी बहीण इकडे पुण्यात देव पाण्यात ठेवून बसली होती. भाचेसून कठड्यापाशी हाताची घडी घालून उभी. लाल गाडी बाहेर, मेणकापड पांघरून. भाचा सत्ताविसावा आला आणि चेहरा असा घेऊन उतरला की पंढरपूर करून आलाय.

गाड्या परत आल्या तेव्हा तिथं जुळ्यांची ढकलगाडी घेऊन तो इलेक्ट्रिशियन उभा होता. सहज आलो होतो म्हणाला. लेस्टरहून स्नेटर्टनला कुणी सहज येत नाही. अभिनंदन वगैरे झालं. मग तो गाडीभोवती एक फेरी मारत, पत्र्यावरून हात फिरवत मागच्या उजव्या दरवाजापाशी आला आणि थांबला. वीतभर खरचटलेलं होतं. तो काही बोलला नाही. खिशातून रुमाल काढून त्यानं त्यावर दोनदा फुंकर मारली, पुसलं, वाकून पुन्हा पाहिलं. मग वाकलेलाच राहून टायर दाबून बघत म्हणाला, "या चाकात हवा जरा जास्त झालीय. वहीत लिहिलंय मी."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी ढकलगाडीचं हँडल धरून उभा होतो, कारण कुणीतरी ते धरायला हवं होतं.